फार्मासिस्टच्या नोंदणीसाठी ५०० तासांचा हिशेब

डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला की काही महिन्यांनी आमच्याकडे पालकांची एक ठराविक तक्रार येते. मुलगा पास झाला, चांगल्या गुणांनी पास झाला, मग त्याला फार्मासिस्टचा नंबर का मिळत नाही? कागद मागवून पाहिले तर गुणपत्रिका ठीक असते, दाखले ठीक असतात, आणि बहुतेक वेळा काम एकाच ठिकाणी अडलेले असते. दुकानात किंवा दवाखान्यात घ्यावयाच्या प्रशिक्षणाचे तास कागदावर नीट उतरलेले नसतात. मुलगा म्हणतो, मी तीन महिने काम केले. काम केलेही असेल. पण ते कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणाच्या देखरेखीखाली, हे विचारले की घरात शांतता पसरते.

आपल्या समाजात आता पुष्कळ मुले आणि मुली या शिक्षणाकडे वळत आहेत. यंत्रमागाच्या, शिलाईच्या, फळांच्या धंद्यातल्या बापाने पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली असते. म्हणून या ५०० तासांविषयी आज जरा तपशिलाने लिहीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोक "लायसन्स" हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. मेडिकल दुकानाचा परवाना वेगळा. तो औषध नियम, १९४५ खाली अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो आणि फॉर्म २० व २१ या नावांनी ओळखला जातो. फार्मासिस्ट म्हणून माणसाची नोंदणी वेगळी. ती फार्मसी कायदा, १९४८ खाली राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे होते. महाराष्ट्राच्या कौन्सिलचे कार्यालय मुंबईत मुलुंड पश्चिमेला, ई. एस. आय. एस. रुग्णालयाच्या आवारात आहे. दुकानाचा परवाना पैसे असलेल्या कोणाही व्यापाऱ्याच्या नावावर निघू शकतो, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे, असा नियम आहे. म्हणून नोंदणी ही माणसाची स्वतःची मिळकत आहे. दुकान विकले तरी ती त्याच्याजवळ राहते.

या नोंदणीसाठी उमेदवाराचे वय अठरा पूर्ण हवे, तो राज्यात राहणारा किंवा येथे धंदा करणारा हवा आणि मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेला हवा. डी. फार्म.ची परीक्षा महाराष्ट्रात तंत्रशिक्षण मंडळ घेते. पण वर्गातली दोन वर्षे आणि दोन परीक्षा एवढ्यावर हा अभ्यासक्रम संपत नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने १९९१ साली जे शिक्षण विनियम केले त्यात प्रशिक्षणाला डिप्लोमाचा तिसरा भागच म्हटले होते. किमान ५०० तास, किमान तीन महिन्यांत पसरलेले, आणि त्यांतले किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याच्या कामात, असे त्याचे माप ठरले. २०२० साली नवे विनियम आले, अभ्यासक्रम बदलला, तरी ५०० तास आणि तीन महिने हे कायम राहिले. तिसरा भाग पुरा झाल्याचा कागद नसेल तर डिप्लोमाच हाती येत नाही. डिप्लोमा नाही तर नोंदणी कशाची?

आता आकडे नीट पाहा. ५०० तास ही एक अट आहे आणि तीन महिने ही दुसरी. एकाने दुसरी भागत नाही. काही मुले हुशारी करतात, रोज दहा तास लिहितात आणि पन्नास दिवसांत ५०० पुरे करून मोकळी होतात. असा तक्ता परत येणारच. उलट एखादा तीन महिने रोज संध्याकाळी तीन-चार तास उभा राहतो आणि महिने भरले म्हणून प्रमाणपत्र मागतो. त्याचे तास तीनशेच्याही पुढे जात नाहीत.

आम्ही मुलांना सांगतो ते गणित असे. आठवड्याचे सहा दिवस धरा. सकाळी १० ते दीड आणि संध्याकाळी साडेपाच ते ९ असे रोज सात तास. आठवड्याचे ४२ तास झाले, तेरा आठवड्यांचे ५४६. यातून ईदची सुट्टी, एखाद्या नातलगाचे लग्न, ताप-खोकला असे सहा दिवस गेले तरी ५०४ उरतात. रोज साडेसहा तास धरले तर बेरीज ५०७ होते खरी, पण चार दिवस गैरहजर राहिलात की ४८१ वर येता. मोकळीक ठेवूनच वेळ ठरवावी. प्रशिक्षणात रमजान येत असेल तर ते आधीच हिशेबात घ्या. सकाळी तीन तास आणि तरावीहनंतर दीड तास असे साडेचार तासच जमले, तर सव्वीस दिवसांत ६५ तास कमी पडतात आणि प्रशिक्षण साधारण दहा दिवस पुढे जाते. जाऊ द्यावे. रात्रीचे तास धरायला हरकत नाही, मात्र त्या वेळी फार्मासिस्ट दुकानात हजर असला पाहिजे.

तास कोठून मोजायचे यावर सर्वांत जास्त वाद होतो. एक गृहस्थ आम्हांला म्हणाले, "आमचा मुलगा सातवीपासून मामूच्या मेडिकलवर बसतो, त्याला सगळी औषधे पाठ आहेत, त्याला आणखी कसले प्रशिक्षण?" मुलाला औषधे पाठ असतील, याबद्दल शंका नाही. पण हे तास दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसल्यानंतर आणि करारपत्र भरल्यानंतरच सुरू होतात. त्याआधीची सहा वर्षे सहा मिनिटेसुद्धा धरली जात नाहीत. पूर्वी अनुभवावर नाव लागत असे, हे खरे. १९४८ च्या कायद्याखाली पहिले रजिस्टर तयार झाले तेव्हा, ठरवलेल्या तारखेपूर्वी पाच वर्षे दवाखान्यात औषधे बनविण्याचे काम केलेल्या कंपाउंडरांनाही त्यात जागा मिळाली. ती सवलत त्या काळापुरती होती. जुन्या बुजुर्गांच्या आठवणीत ती अजून आहे आणि नातवंडांना चुकीचा सल्ला देऊन जाते.

करारपत्राची पद्धत १९९१ च्या विनियमांत सविस्तर दिली आहे आणि ती समजून घेतली की अर्धे घोटाळे टळतात. कॉलेजचे प्राचार्य विद्यार्थ्याला करारपत्राच्या तीन प्रती देतात. पहिला भाग कॉलेज भरते, दुसरा विद्यार्थी भरतो, तिसरा ज्या ठिकाणी प्रशिक्षण घ्यायचे तिथले लोक भरतात. तेथील जबाबदार माणसाला या कागदात अप्रेंटिस मास्टर म्हणतात. भरलेली एक प्रत लगेच कॉलेजात जमा करायची असते, उरलेल्या दोन प्रशिक्षण संपेपर्यंत मास्टरकडे किंवा विद्यार्थ्याकडे राहतात. प्रशिक्षण संपल्यावर मास्टर चौथा भाग भरतो, मग प्राचार्य पाचवा भाग भरून तिन्ही प्रती जुळवतात आणि दोन प्रती विद्यार्थ्याला परत देतात. पुरा भरलेला हा कागद हेच तिसऱ्या भागाचे प्रमाणपत्र.

म्हणजे पहिली प्रत आधी जमा होते आणि काम नंतर सुरू होते. आपल्याकडे याच्या उलट चालते. मुलगा तीन महिने काम करतो आणि शेवटी फॉर्म घेऊन पळापळ करतो. मग तारखा मागे टाकाव्या लागतात, आणि मागे टाकलेली तारीख कुठे ना कुठे अडखळतेच. आम्ही असा एक तक्ता पाहिला आहे ज्यात जून महिन्याच्या ३१ तारखेलाही आठ तास काम दाखवले होते. दुसऱ्या एकात परीक्षेच्या दिवशी, पेपर चालू असतानाच्या वेळेला, विद्यार्थी दुकानात हजर होता.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. परवाना असलेले औषधाचे दुकान चालते. सरकारी, महानगरपालिकेचे किंवा कामगार विमा योजनेचे रुग्णालय व दवाखाना चालतो. खासगी रुग्णालय असेल तर त्याला फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का, हे आधी कॉलेजात विचारावे. औषधाच्या कारखान्यातही प्रशिक्षण घेता येते, पण तेथे चिठ्ठी घेऊन रोगी येत नाही, मग २५० तास कोठून आणणार? दुसरे, ज्या फार्मासिस्टच्या हाताखाली काम करायचे तो दुकानात खरोखर बसतो का? भिंतीवर त्याचे प्रमाणपत्र लटकते आहे आणि तो स्वतः दुसऱ्या गावी नोकरी करतो, अशी दुकाने सर्वांना माहीत आहेत. त्याच्या गैरहजेरीत केलेले काम हे प्रशिक्षण होत नाही. तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जेथे एक नोंदणीकृत फार्मासिस्ट काम करतो तेथे दोनच विद्यार्थी घेता येतात. त्यापुढे प्रत्येक जादा फार्मासिस्टमागे एक विद्यार्थी. ओळखीच्या एका दुकानात पाच मुले जमली आणि फार्मासिस्ट एकच असला, तर तीन मुलांचे तीन महिने पाण्यात गेले असे समजा.

आता मूळ मुद्दा, वही. व्यापारी वाचकांना यात नवे काहीच वाटणार नाही. रोजमेळ ज्या दिवसाचा त्या दिवशीच लिहायचा असतो. महिन्याच्या शेवटी आठवणीने लिहिलेला रोजमेळ कोणी मुनीम मान्य करत नाही. कारागिरांच्या धंद्यात मात्र ही सवय नाही. शागीर्द उस्तादाजवळ किती वर्षे बसला याची नोंद कोण ठेवतो? त्याचा टाका पाहिला की कळते. औषधाच्या धंद्यात उस्तादाचा शब्द पुरत नाही, कारण मुलुंडला बसलेल्या अधिकाऱ्याने मुलाचा हात पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर फक्त कागद असतो.

शंभर पानांची शिवलेली वही घ्यावी, सुटे कागद नकोत. पानांना आधीच आकडे घालावेत. प्रत्येक दिवसाची एक ओळ. तारीख, वार, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मधली सुट्टी, सुट्टी वजा जाता उरलेले तास. त्यापुढे एक रकाना स्वतंत्र, त्या तासांपैकी चिठ्ठीवरचे औषध देण्यात किती गेले. मग काय काम केले ते चार शब्दांत, आणि शेवटी फार्मासिस्टची सही. जेवणाचा आणि नमाजचा वेळ तासांत धरू नये, वेगळा दाखवावा. पंधरा मिनिटांसाठी वहीचा खरेपणा घालवण्यात शहाणपणा नाही. आठवड्याच्या शेवटी दोन बेरजा कराव्यात, एक एकूण तासांची आणि एक चिठ्ठीच्या तासांची, आणि दोन्हींखाली सही घ्यावी. मागील बेरीज पुढे ओढत न्यावी. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहावा व तिथे आद्याक्षरे घ्यावीत. पांढरा रंग लावू नये.

चिठ्ठीच्या तासांचा रकाना वेगळा ठेवा, असे आम्ही मुद्दाम सांगतो. मुले "दुकानात काम केले, आठ तास" असे सरळ लिहून टाकतात आणि शेवटी २५० तास अंदाजाने फाडून दाखवतात. चिठ्ठी वाचणे, औषधाचे प्रमाण तपासणे, रोग्याच्या वयाशी ते जुळते का पाहणे, रॅकमधून औषध काढून नाव, ताकद व मुदत पुन्हा पाहणे, कसे घ्यायचे ते समजावणे, बिल करणे, ही सारी चिठ्ठीची कामे. माल लावणे, मुदत संपलेला माल वेगळा काढणे, थंड जागी ठेवायची औषधे सांभाळणे, खरेदीची बिले व रजिस्टरे कशी ठेवतात ते शिकणे, ही उरलेल्या तासांत येतात. कायद्याने ठेवायच्या नोंदींची माहिती हा तर प्रशिक्षणाचाच भाग आहे. उदाहरणार्थ, शेड्यूल एच-१ मधील औषधांसाठी मार्च २०१४ पासून वेगळे रजिस्टर लागते, त्यात डॉक्टर, रोगी, औषध आणि नग लिहावे लागतात व ते तीन वर्षे जपावे लागते. विद्यार्थ्याने ते पाहावे, समजून घ्यावे. आणि चहा आणणे, मालकाच्या मुलाला शाळेतून आणणे, स्टॉकिस्टकडे स्कूटरवर खेपा घालणे, ही कामे कोणत्याच रकान्यात येत नाहीत. दुकानदार बंधूंनी हे वाचून राग मानू नये.

वहीत त्या दिवसाच्या पहिल्या व शेवटच्या बिलाचा क्रमांक लिहून ठेवला तर फार चांगले. पुढे कोणी शंका घेतली तर दुकानाच्या बिलांशी ताळा पडतो. रोग्यांची नावे मात्र लिहू नयेत. मोहल्ल्यातल्या कोणाला कोणते औषध चालू आहे, हे विद्यार्थ्याच्या वहीतून चार घरी जाणे बरे नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातल्या एका तरुणाने मे, जून आणि जुलै असे तीन महिने एका दुकानात मनापासून काम केले. जूनच्या मध्याला तेथील फार्मासिस्ट नोकरी सोडून गेला आणि दुसरा आला. मुलाने वही ठेवली नव्हती. जुलैअखेर तो सही मागू लागला तेव्हा नव्या फार्मासिस्टने सांगितले, मी पाहिले त्या दीड महिन्याची सही देतो, आधीच्या दीड महिन्याची कशी देऊ? दुकानमालक सही करायला तयार होता, पण तो स्वतः फार्मासिस्ट नव्हता. मुलाच्या वडिलांना त्या नव्या माणसाचा राग आला. आम्हांला मात्र त्याचे बरोबर वाटले. जुन्या फार्मासिस्टचा पत्ता लागला नाही, कॉलेजने पुन्हा प्रशिक्षण घ्यायला सांगितले, आणि एका रुग्णालयात लागणारी नोकरी दुसऱ्याला गेली. दर आठवड्याला सही घेतलेली वही हातात असती तर फार्मासिस्ट बदलला त्याच दिवशी जुन्याचा हिशेब बंद करता आला असता. अशी वेळ आली तर जाणाऱ्याकडून त्या तारखेपर्यंतचे तास लेखी घ्यावेत, त्यावर त्याचा नोंदणी क्रमांक असावा, आणि बदल झाल्याचे कॉलेजला त्याच आठवड्यात पत्राने कळवावे.

आता जरा कटू विषय. पैसे देऊन तास लिहून मिळतात, हे आम्हांला कोणी सांगायला नको. विशेषतः मुलींच्या बाबतीत पालक म्हणतात, काउंटरवर कुठे उभी करायची, सही आणू. आम्हांला हे दोन कारणांनी पटत नाही. एक कायद्याचे. चुकीच्या माहितीवर किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून नाव रजिस्टरवर चढले असे दिसून आले, तर म्हणणे ऐकून घेऊन ते नाव काढून टाकण्याचा अधिकार १९४८ च्या कायद्यातच, कलम ३६ मध्ये आहे. सही देणाराही नोंदणीकृतच असतो, त्याचेही नाव पणाला लागते. दुसरे कारण मोठे आहे. चिठ्ठीवरचे अक्षर वाचायची सवय याच तीन महिन्यांत लागते. एकसारख्या नावाच्या दोन गोळ्यांतला फरक, लहान मुलाच्या औषधाचे थेंब आणि चमचा यांतला फरक, हे पुस्तकात वाचून हातात येत नाही. जिने एकही चिठ्ठी हाताळली नाही तिला उद्या दुकानात एकटी बसवाल तेव्हा समोर आपल्याच गल्लीतली आजारी माणसे येतील. मुलीला खासगी दुकानात पाठवायचे नसेल तर महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयाच्या औषध विभागात अर्ज करावा. तेथे दिवसाची पाळी असते, गर्दी असते आणि चिठ्ठ्यांचे २५० तास सहज भरतात. या जागा लवकर भरतात, म्हणून परीक्षेपूर्वीच अर्ज द्यावा.

शिवाय केवळ कागदावर पुढे सरकण्याचा रस्ता आता अरुंद होत चालला आहे. डिप्लोमानंतरच्या एक्झिट परीक्षेचे विनियम २०२२ मध्ये आले आणि तिची पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. त्यात रुग्णालयीन औषधशास्त्र आणि दुकान व्यवस्थापन हेही विषय आहेत. काउंटरवर उभा राहिलेला मुलगा तेथे घरच्या विषयावर लिहीत असतो.

अर्ज भरताना आपल्या लोकांचे सर्वांत जास्त अडते ते नावावर. दहावीच्या दाखल्यावर शेख आधी, आधार कार्डावर शेख शेवटी. एका कागदावर मोहम्मद पूर्ण, दुसऱ्यावर त्याचे दोन अक्षरांत संक्षिप्त रूप. वडिलांचे नाव एकीकडे अब्दुल रहमान सुटे, दुसरीकडे अब्दुर्रहमान जोडून. करारपत्रावर नाव लिहिताना गुणपत्रिका समोर ठेवावी आणि अक्षरानुअक्षर तसेच उतरवावे, दुकानदाराच्या तोंडून ऐकून त्याच्या नोकराला लिहू देऊ नये. प्रशिक्षणाच्या काळात मुलीचे लग्न झाले तरी कागद पुरे होईपर्यंत तेच नाव ठेवावे. दुकानाचे नाव आणि परवाना क्रमांकही शिक्क्यावरून नव्हे, भिंतीवरच्या परवान्यावरून उतरवून घ्यावेत. जुने शिक्के वर्षानुवर्षे तसेच चालवले जातात.

दोन प्रती हातात आल्या की त्याच दिवशी झेरॉक्स काढून एक संच घरात, एक नातेवाइकाकडे ठेवावा. वही फेकू नये. बाहेरच्या देशात नोकरीला जाताना कागदांची पडताळणी ते दिलेल्या ठिकाणाहून होते, आणि तोपर्यंत दुकान बंद झालेले असू शकते.

राहिला दुकानदारांचा एक प्रश्न, जो आम्हांला नेहमी विचारला जातो. विद्यार्थ्याला पगार द्यावा का? प्रशिक्षण ही नोकरी नव्हे, पण सात तास उभ्या राहणाऱ्या मुलाला येण्याजाण्याचा खर्च आणि दुपारचा चहा-नाश्ता दुकानाकडून मिळावा, असे आमचे मत आहे. आणि चौथा भाग भरून देण्यासाठी त्याच्याकडून एक पैसाही घेऊ नये. दुकानात बसलेला विद्यार्थी अजून नोंदणीकृत नाही, हेही दुकानदाराने ध्यानात ठेवावे. फार्मासिस्ट जेवायला घरी गेला तर तेवढा वेळ त्याने चिठ्ठीला हात लावू नये, आणि तो तास वहीत लिहू नये.